उभ्या गाडीची बॅटरी

४ मार्च, मंगळवार

आजची लाज सांगावी असं माणूस माझ्याजवळ नाही, म्हणून कागदाला सांगतो.

शववाहिका चालवायला लागल्यापासून मी बरंच सोसलं आहे. दारात उशिरा पोचलो म्हणून बोलणी खाल्ली, लवकर पोचलो म्हणूनही खाल्ली. पण माणूस आत ठेवलाय, मागचं दार लावलंय आणि चावी फिरवल्यावर गाडी नुसती टक करून गप्प, असं कधी झालं नव्हतं. परत फिरवली. टक. मागून कुणीतरी म्हणालं, "आता काय हे!"

मग ढकलली. जमलेली सगळी माणसं, इस्त्रीच्या कपड्यातली, चकचकीत बुटातली, गाडीला हात लावून उभी राहिली. आरशात बघतो तर ज्यांची बायको आत होती ते म्हातारे गृहस्थही ढकलतायत. कुणीतरी त्यांना बाजूला ओढलं, "काका, तुम्ही नका." ते म्हणाले, "मी नको तर कोण?" आणि पुन्हा खांदा लावला. गल्लीच्या टोकाला उतार होता म्हणून इंजिन एकदाचं लागलं.

सगळं आटोपल्यावर मी त्यांच्यापाशी जाऊन हात जोडले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उभ्या उभ्या उतरते का बॅटरी?" मी हो म्हटलं. "हं," म्हणाले. बस्, एवढंच. त्या 'हं'मध्ये किती राग असेल ते मला समजतं.

५ मार्च, बुधवार

गॅरेजवाल्याने गाडी आत घेतली नाही. "राग मानू नका, पण गिऱ्हाईक बिचकतं." मी राग मानत नाही, सवय आहे. त्याने मीटर घेऊन रस्त्यावरच बघितलं, इंजिन चालू करून. म्हणाला, "डायनमो ठणठणीत चार्ज करतोय. बॅटरीच म्हातारी झालीय, बदला."

गाडी ज्या ट्रस्टची आहे, त्याच्या सेक्रेटरींनी कुरकुर करत नवी बॅटरी मंजूर केली. संध्याकाळी मी ती बसवली. एका चावीत लागली गाडी. शेडमध्ये तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं की उगाचच दोन वेळा बंद करून पुन्हा लावली.

चहाच्या टपरीवर गेलो होतो. मावशींनी नेहमीसारखं आत बसवलं, पंख्याखाली. बाहेरच्या बाकावर मी बसलेला दिसलो तर चहा प्यायला कोण थांबेल? त्यांचंही बरोबर आहे.

८ मार्च, शनिवार

नवी बॅटरीही उतरली. दोन दिवस काम नव्हतं, गाडी शेडमध्ये उभी होती. आज सकाळी फोन आला तर चावीला टकसुद्धा नाही. समोरच्या गोदामातल्या हमालांना विनवलं. चौघं आले, पण धक्का मारताना तोंडं बाजूला फिरवून. पोचलो मात्र वेळेवर.

सेक्रेटरींना सांगितलं तर ते खुर्चीत मागे रेलले. "अरे, बॅटरी नवीन, डायनमो नीट, मग जाते कुठे वीज? रात्री आत दिवा लावून बसतोस काय?"

"नाही हो साहेब."

"हे बघ, महिनाअखेरीला ट्रस्टची मीटिंग आहे. बाहेरच्या एकाने विचारलंय. गाडी त्याची, ड्रायव्हर त्याचा. आपल्याला कटकट नाही. तोवर निस्तर काय ते."

काम गेलं की शेडमागची खोलीही जाणार. खोलीत काय आहे म्हणा. कॉट, स्टोव्ह आणि एक खिडकी, ती गाडीकडेच उघडते. पण आपली म्हणायला तेवढीच आहे.

तूर्त एक उपाय केलाय. गाडी उभी केली की बॅटरीची एक वायर काढून ठेवायची, फोन आला की लावायची. याने बॅटरी टिकते. पण कुणाच्या दारात तासभर उभं राहायचं असतं, तिथे बॉनेट उघडून वायरी काढत बसलो तर लोक काय म्हणतील?

९ मार्च, रविवार

ताईचा फोन. बॅटरीचं सांगायला लागलो तर म्हणाली, "ते राहू दे. तू येतोस कधी? तुझ्या भाचीने तुला बघून तीन वर्षं झाली." बघू म्हटलं. असं विचारायची एक रीत असते, धाकट्या भावाला कुणी येऊ नको थोडंच म्हणतं! तिच्या घरी माणसांचा राबता असतो. तिथे मी बसणार, कुणीतरी विचारणार, काय करता आपण? आणि मग सगळे चहाच्या कपात बघणार.

११ मार्च, मंगळवार

दुपारी ते आले. गेल्या मंगळवारचे, गाडी ढकलणारे गृहस्थ. शेडच्या तोंडाशी उभे राहून गाडीकडे बघत होते. मला वाटलं, तक्रार घेऊन आले. लेखी असेल तर आजच माझा हिशोब संपला. मी खुर्ची पुसून दिली. बसले नाहीत.

"सापडलं का?"

"काय?"

"बॅटरी कशाने उतरते ते."

नाही म्हटलं. मग त्यांनी पिशवीतून मीटर काढला. जुना, काट्याचा, चामडी पाकिटातला. तांत्रिक शाळेत जन्मभर वायरिंग शिकवलं म्हणे. "बघू का जरा?" असं विचारलं, जसं काही गाडी माझीच आहे.

मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही कशाला त्रास घेता, तुमच्या घरात नुकतंच..."

"घरात आता काही दुरुस्त करण्यासारखं नाही," ते म्हणाले.

बॅटरी मी सकाळीच चार्जरवरून काढून जोडली होती, वायर सोडायची राहिली होती, आणि इंजिन काही लावलं नव्हतं. मास्तरांनी बॉनेट उघडून सगळीकडे नजर फिरवली, मग हात घालून डायनमोवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. मला वाटलं काही बोलतील. हात काढून रुमालाला पुसला आणि म्हणाले, "उद्यापासून पद्धतशीर बघू. एकेक फ्यूज काढून. वेळ लागेल. चालेल ना?"

चालेल म्हटलं. ते गेल्यावर मीही डायनमोला हात लावून पाहिला. कोमट लागला. हवाच तशी आहे.

१२ मार्च, बुधवार

मास्तर सकाळीच हजर. बॅटरीची वायर सोडवून त्यांनी मधे मीटर जोडला. गाडीतलं सगळं बंद असताना काटा शून्याला चिकटून हवा, पण तो चांगला वर उभा. म्हणजे वीज जातेय, नळ ठिबकावा तशी, फक्त नळ कुठला ते माहीत नाही.

मग एकेक फ्यूज. मी काढायचा, ते काट्याकडे बघायचे. "हॉर्न." काटा जागेवर. "पुढचे दिवे." जागेवर. "आतला पंखा." जागेवर. निम्मे झाले आणि मास्तर म्हणाले, "आज एवढं पुरे."

मला काही दमल्यासारखं वाटलं नव्हतं, पण त्यांचं वय आहे. त्यांनी थर्मास उघडला. दोघांना पुरेल एवढा चहा होता. "सवयीने दोघांचा होतो," म्हणाले. मला कप दिला. माझ्याबरोबर चहा पिताना माणसं सहसा उभी राहतात. हे खाली बसले, शेडच्या पायरीवर, माझ्या शेजारी.

१४ मार्च, शुक्रवार

काल दोन कामं, आज एक. मास्तर आले होते, पण मी नव्हतो. मावशी सांगत होत्या, बराच वेळ थांबले, मग टपरीवर आत पंख्याखाली बसवलं त्यांना. मी मनात म्हटलं, माझ्या संगतीने त्यांच्याही नशिबी आतली जागा आली.

१७ मार्च, सोमवार

उरलेले फ्यूज काढून झाले. काटा तसूभर हलला नाही. सगळे फ्यूज काढूनही वीज जातेच कशी? मी तर हात टेकले. मास्तर मात्र घाबरल्यासारखे दिसले नाहीत. "आता मागची बाजू बघावी लागेल," म्हणाले.

मागे म्हणजे जिथे ठेवतात तिथे. मी दार उघडून दिलं. ते आत चढले, बाजूच्या बाकावर बसले. "मागच्या दिव्याची वायर या पत्र्याखालून जाते का?" जाते म्हटलं. त्यांनी स्टीलच्या ट्रेवर हात ठेवला आणि कडेकडेने फिरवत राहिले. वायर चाचपत असावेत. मी बाहेर बसून पाने आणि स्क्रू पुसत बसलो. खूप वेळ आतून आवाज नाही. शेवटी विचारलं, "काही सापडतंय का मास्तर?"

"अं? नाही. बघतोय."

उतरताना म्हणाले, "त्या दिवशी तू गाडी फार हळू चालवलीस. खड्डे चुकवत."

मी म्हटलं, बॅटरीच्या भीतीने इंजिन बंद पडू नये म्हणून जपून चालवत होतो. हे खरं नाही, मी नेहमीच तशी चालवतो. पण आत असलेल्याला आता काय लागणार, असं लोक हसून म्हणतात, म्हणून कबूल करत नाही.

"बरं केलंस," म्हणाले.

२० मार्च, गुरुवार

मास्तर रोज येतात. मागचा दिवा, मागचं दार, मागचा पंखा. एवढं एका बाजूलाच काय शोधतात कळत नाही, पण माणूस जन्मभर हेच शिकवत आला, आपण काय बोलायचं. आज त्यांनी मला वायर सोलायला शिकवली, तांब्याला इजा न करता. माझी पहिली वायर बघून म्हणाले, "शाळेत असतास तर कोपऱ्यात उभं केलं असतं." मी हसलो. मग आठवायला लागलो, शेडमध्ये शेवटचं कधी हसलो होतो.

सेक्रेटरींनी फोनवर विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, जाणकार माणूस बघतोय. "किती दिवस बघणार?" म्हणाले आणि फोन ठेवला.

२३ मार्च, रविवार

आज सुट्टीचा वार, तरी आले. मीटर पिशवीतून काढलाच नाही. पायरीवर बसलो. मास्तर आपणहून बोलले.

"घरी एक घड्याळ आहे. लग्नात मिळालेलं. त्याला टिकटिक आहे हे मला या महिन्यात कळलं. इतकी वर्षं ऐकूच आली नव्हती."

"त्या बोलायच्या फार?" मी विचारलं.

"छे! ती तर मुकाट्याने काम करणारी. पण कुठेतरी भांडं वाजायचं, कुठे चप्पल. आता मी रेडिओ लावतो तर तो मोठा वाटतो, बंद करतो तर घड्याळ. घर खायला उठतं म्हणतात ना, ते दिवसाचंही उठतं."

माझ्या खोलीत घड्याळ नाही, मोबाईलवर वेळ दिसते. तेच सांगितलं. ते म्हणाले, "तू सुखी आहेस."

तसा असेनही. पण ते उठून गेल्यावर पायरी रिकामी दिसायला लागली, ती पूर्वीही रिकामीच असायची, पूर्वी दिसत नव्हती.

२५ मार्च, मंगळवार

मी आज जरा स्पष्टच बोललो. "मास्तर, सोमवारी मीटिंग आहे. तोवर काही निघालं नाही तर गाडी जाईल. मीही."

ते उठले. बॉनेटपाशी गेले, आत वाकून बघितलं, परत आले. "एक शेवटची चाचणी. आज वायर काढू नकोस. जोडलेली राहू दे, उद्या येऊन मोजतो किती उतरली."

"आणि फोन आला तर?"

"एका रात्रीत काय होतंय!"

थांबले, मग म्हणाले, "उद्या नक्की सांगतो तुला."

वायर जोडलेलीच ठेवली आहे.

२६ मार्च, बुधवार

उजाडता उजाडता दवाखान्यातून फोन आला. सहा वर्षांची मुलगी होती. ताप डोक्यात गेला म्हणे.

गाडी लागली नाही.

चार्जरला लावून थांबायला वेळ नव्हता. हमाल अजून आलेले नव्हते. शेडमधून एकट्याने रेटून बघितली, पण चाक जागचं हलेना. रस्त्यावर एक टेम्पो उभा होता. ड्रायव्हरला हात जोडले, तुझ्या बॅटरीला दोन वायरी लावू दे, दोन मिनिटांचं काम. म्हणाला, "दुसऱ्या कुठल्याही गाडीला लावली असती. या गाडीला नाही. मला घरी लेकरंबाळं आहेत." मी म्हटलं, अरे, लेकराचंच काम आहे. त्याने काच वर केली.

मावशींचा नवरा सायकलवरून धावला, हमालांना घरून उठवून आणायला. गाडी ढकलून, इंजिन लावून मी दवाखान्यात पोचलो तेव्हा वऱ्हांडा रिकामा होता. झाडू मारणारी बाई म्हणाली, गेले ते. बापाने वाट बघितली, बघितली, आणि मग तिला चादरीत गुंडाळून रिक्षात बसला. मांडीवर घेऊन.

मी तिथेच बाकावर बसलो. झाडणारी बाई म्हणाली, "पाय वर घ्या." घेतले.

सेक्रेटरींनी विचारलं, "वायर काढून ठेवतोस ना तू? मग काल का नाही काढली?" मी म्हटलं, विसरलो. मास्तरांचं नाव घेतलं नाही. त्यांनी चांगल्यासाठीच सांगितलं होतं, आणि एका रात्रीत बॅटरी अशी तळाला जाईल हे त्यांना तरी कसं ठाऊक असणार?

दुपारी मास्तर आले नाहीत. बरं झालं.

२७ मार्च, गुरुवार

मास्तर सकाळीच आले. मी वऱ्हांड्याचं, चादरीचं, रिक्षाचं सगळं सांगितलं. ते उभे होते ते गाडीला धरून खाली बसले. मी पाणी आणलं. प्यायले नाहीत.

"किती वर्षांची म्हणालास?"

"सहा."

मग उठले आणि अशा आवाजात बोलले, जणू मी त्यांचा विद्यार्थीच आहे. "मीटर लाव. आता डायनमोची जाड वायर सोड."

सोडली. काटा सरळ शून्यावर येऊन पडला.

मी ओरडलोच. "मास्तर! सापडलं!"

ते सांगायला लागले, पण डोळे काट्यावरच. डायनमोच्या पोटात डायोड असतात. वीज बॅटरीकडे जाऊ द्यायची, उलटी येऊ द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम, एका बाजूला उघडणाऱ्या दारासारखं. त्यातलं एक दार फुटलंय. गाडी चालू असताना डायनमो बॅटरी भरतो, म्हणून तपासणाऱ्याला वाटतं सगळं नीट आहे. गाडी उभी राहिली की तोच बॅटरी उलटी पितो. आणि त्याची जाड वायर फ्यूजपेटीतून जातच नाही, म्हणून सगळे फ्यूज काढूनही काटा हलला नाही.

"तुम्हाला एकदम कसं सुचलं पण?"

"पहिल्या दिवशीच हात लावून बघायला हवा होता. इंजिन थंड आणि डायनमो कोमट, याचा दुसरा अर्थ नसतो."

"लावला होता की तुम्ही! चांगला लावला होता, मी बघितलं ना."

ते पाने गोळा करायला लागले. विसरले असतील. एवढं दुःख झाल्यावर माणसाच्या ध्यानात काय काय राहणार!

डायनमो उतरवून ते स्वतः घेऊन गेले. संध्याकाळी नवे डायोड बसवून आणला, माझ्याकडूनच बोल्ट आवळून घेतले. मीटर लावला, काटा शून्याला चिकटलेला. पिशवी भरली आणि गेले. थर्मास आज आणलाच नव्हता.

३१ मार्च, सोमवार

चार दिवस वायर काढली नाही. रोज एका चावीत गाडी लागते. मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, "राहा आता. पण पुन्हा असं नको." काम राहिलं, खोली राहिली. मास्तरांना सांगायचं होतं. आले नाहीत.

३ एप्रिल, गुरुवार

नाही आले.

टपरीवर मावशींनी विचारलं, "तुमचे मास्तर दिसत नाहीत?" मी म्हटलं, काम संपलं की कोण येतं! मावशी म्हणाल्या, "असं का बोलता हो? आमच्याकडे नाही का तुम्ही बिनकामाचे बसत?" आणि पंख्याचं बटण वाढवलं. मग म्हणाल्या, "घामाघूम होऊन येता दर वेळी, म्हणून तर आत बसवते." मी खरंच घामाघूम झालेलो असतो. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

मास्तरांच्या घरी जाऊन आलो. ज्या घरी एकदा गाडी नेली त्या घरी मी पुन्हा जात नाही. माझं तोंड दारात दिसलं की लोकांना तो दिवस पुन्हा आठवतो. म्हणून चालत गेलो, नवा शर्ट घालून.

दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली. "ये," म्हणाले. घर स्वच्छ, सगळं जागच्या जागी, आणि घड्याळाची टिकटिक खरंच फार मोठी.

मी म्हटलं, "गाडी झकास चाललीय. सांगायला आलो."

"बस. मलाही तुला सांगायचंय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"डायनमो. हात ठेवला तेव्हाच. दुपारपर्यंत गाडी नीट करून दिली असती."

मला खरंच अर्थ लागेना. "मग इतके दिवस आपण काय शोधत होतो?"

"तू फ्यूज शोधत होतास. मी..." ते थांबले. "गाडी नीट झाली असती तर दुसऱ्या दिवशी मी काय म्हणून आलो असतो तुझ्याकडे? माझी बायको शेवटची जिथे होती तिथे मला बसू दे, असं सांगून कुणी बसू देतं का?"

मागचा दिवा. मागचं दार. मागचा पंखा. मी पाने आणि स्क्रू पुसत बाहेर बसलेला. एकेक आठवून माझी कानशिलं तापली.

"आणि ती चाचणी?"

"चाचणी कसली! आणखी एक दिवस हवा होता. मग सांगणार होतो, देवाशपथ सांगणार होतो."

मी उठलो. "मास्तर, माझी नोकरी गेली असती तर मी काहीतरी बघितलं असतं. पण त्या पोरीच्या बापाला कुणी काय सांगायचं?"

"मी जाऊन आलो," ते म्हणाले. "दवाखान्यातून पत्ता काढला. सगळं सांगितलं. तो मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, गाडी आली असती तर तिला मागे ठेवावी लागली असती. रिक्षा मिळाली म्हणून शेवटपर्यंत मांडीवर होती." मास्तरांनी चष्मा काढला. "तो असं म्हणाला म्हणून माझ्या पदरातलं पाप कमी होत नाही. ते मला कळतं."

मी निघून आलो. दार ओढून घेतलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

राग जात नाही. काम करताना जातो, शेडमध्ये आलो की पुन्हा येतो. मला फसवलं याचा आहे की त्यांनी ते सांगून टाकलं याचा, तेच ठरत नाही. नसतं सांगितलं तर मी आयुष्यभर त्यांची वाट बघत बसलो असतो, आनंदात.

ताईला आपणहून फोन केला. ती आधी घाबरलीच, "काय झालं?" काही नाही म्हटलं, मे महिन्यात येतो. फोनवर ती आत ओरडून भाचीला सांगत होती, मामा येतोय, मामा येतोय. मी फोन कानाला धरून ऐकत राहिलो.

१२ एप्रिल, शनिवार

वृद्धाश्रमातून फोन आला. एक बाई गेल्या. पंचवीस वर्षं तिथेच होत्या. ज्या नातेवाइकांना कळवलं, त्यांनी जमणार नाही म्हणून सांगितलं. आश्रमातले पुरुष सगळे काठीवाले. व्यवस्थापक म्हणाला, "उचलायला एक मी, एक तुम्ही. आणि तिकडे स्मशानात मला थांबता येणार नाही हो, माझी ड्यूटी आहे."

म्हणजे तिकडे त्यांच्याजवळ मी एकटा. असं पूर्वी झालंय. तेव्हा मी गाडीत बसून राहायचो, ड्रायव्हरने तिथे उभं राहायचं तरी कुठल्या नात्याने! आज तसं करवेना.

गाडी मास्तरांच्या गल्लीत वळवली. हॉर्न दिला नाही. उतरून कडी वाजवली. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे उभ्या गाडीकडे. रंग उडाला त्यांचा.

मी म्हटलं, "एक बाई आहेत. कुणीच नाही त्यांना. एक माणूस कमी पडतंय. याल?"

त्यांनी चप्पल घातली आणि आले.

आश्रमात पायाकडची बाजू मास्तरांनी धरली. जिना अरुंद होता. उतरताना ते प्रत्येक पायरीला "हळू," म्हणत होते, मला की त्या बाईंना, कोण जाणे. गाडीत मी म्हटलं, "मागे बसता?" ते म्हणाले, "त्या ओळखत नाहीत मला. पुढेच बसतो."

स्मशानात आम्ही दोघंच उभे राहिलो, शेवटपर्यंत. मास्तरांनी विचारलं, नाव काय होतं. मी कागद बघून सांगितलं. त्यांनी ते एकदा मोठ्याने म्हटलं, हजेरी घेतात तसं, आणि थोडं थांबले.

त्यांच्या दारात गाडी थांबवली. माझा राग गेला असं म्हणणार नाही. पण तो सीटवर आमच्या दोघांच्या मधे बसला होता आणि तरी जागा पुरत होती.

उतरता उतरता मास्तर म्हणाले, "उद्या काम आहे?"

"उद्याचं मी कसं सांगू? नसावं असंच म्हणायचं आपण."

त्यांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. दार धरून उभे राहिले. मग शाळेतल्या पोराने विचारावं तसं विचारलं, "काम नसलं तर यायचं का?"

मी म्हटलं, "या."